धुराड्याचा अंदाज

बाय, शिडी धरू नका.
तुमच्या त्या कुत्र्याला तेवढं धरा.
मी वरूनच सांगतो, ऐकू येईल.

खाडीकडची बाजू गेलीय.
स्टेशनकडची अजून धड आहे. ठोकून दाखवतो.
ही वीट टण्ण.
ही टण्ण.
आणि ही
भद्द.
ऐकलंत? आत नुसतं पीठ.
लोणा लागलाय.
चेंदणीच्या वाऱ्यात मीठ असायचंच,
पण एकदा का ते विटेत शिरलं
की पाहुण्यासारखं राहत नाही,
कूळ म्हणून नाव लावतं.

विटा खाल्ल्या, दरजा मात्र जशाच्या तशा उभ्या.
खालून बघा, मधमाश्यांचं पोळं वाटेल,
भिंती राहिल्यात, मध गेलाय.
त्या दरजा सिमेंटच्या आहेत, म्हणून.

विटेला घाम येतो, बाय.
चुना तो पिऊन घेतो, उन्हात सोडून देतो.
सिमेंट तोंड दाबतं.
मग वीट आतल्या आत

असो. लिहून घ्या.

सिमेंट खरवडणं. छिन्नीनं, मशीन नाही. चार दिवस.
भद्द विटा बदलणं, साठेक निघतील.
नव्या बसणार नाहीत, माप वेगळं.
कळव्याला एक जुनं गोदाम पाडतायत,
तिथून आणीन, एकेक वाजवून.
चुना आजच भिजत घालायचा,
तीन आठवडे मुरेल, त्याला घाई दाखवायची नाही.
सुरखी. हिरड्याचं पाणी.
गूळ पाच किलो, काळा चालेल,
मुंग्यांचं मी बघतो.
वर कडप्पा, चार विटांच्या पायांवर:
पाऊस अडला पाहिजे, वारा नाही.
मग दहा दिवस ओलं गोणपाट.
सकाळ-संध्याकाळ पाणी तुम्ही मारायचं,
त्याची मजुरी मी धरली नाही.

आणि आत पाकोळ्यांनी घर केलंय.
पिल्लं उडाली की काम सुरू.
तोवर चुनाही मुरलेला असेल.

नेल्सनबाबा फोनवर म्हणाले, पाडूनच टाका.
पाडू.
दीड दिवस, सहा हजार, भोकावर कौलं.
खोटं कशाला सांगू, स्वस्त तेच आहे.
चूल तुम्ही पेटवता ती नाताळच्या चार दिवसांत,
एरवी गॅस.
ठरवा तुम्ही.

पण ठेवायचं ठरलं
तर ते खरवडण्याचे चार दिवस बिलात लिहू नका.

इथे, खालच्या अंगाला, कौलाच्या आड
सिमेंटमध्ये एक अंगठा उठलाय.
रेघा मोजता येतील इतका स्वच्छ.
भोवतीच्या तीन विटा गेल्या, तो राहिला.

माझा आहे.

एकोणीसचा होतो.
तुमच्या सासऱ्यांनी, इनासबाबांनी, चुनाच सांगितला होता.
मुकादमाकडे पुलाच्या कामातली
अडीच पोती उरली होती,
आणि तीन आठवडे थांबायला
आमच्यापैकी कुणाकडे वेळ होता?
एका दिवसात उरकलं. शिट्टी वाजवत उतरलो.
बाबा खाली कप घेऊन उभे,
"पक्कं झालं ना रे, जोमा?"
मी म्हटलं, शंभर वर्षं वर बघायला नको.

खोटं नव्हतो बोललो, बाय.
तेव्हा तसंच वाटत होतं.

सदतीस वर्षं बाजारात जाताना
याच आळीतून जातो,
आणि वर बघतो.
तुम्ही बोलावलंत आज,
मी बरेच दिवस वाट बघत होतो.

तर असं.
काम झालं की चुलीत ओली सोडणं पेटवा,
भरपूर धूर करा, शेजारी ओरडले तर ओरडू द्या.
मी इथेच बसेन, कौलांवर, सांधे बघत.
धूर एकाच तोंडातून निघाला तर माझे पैसे.
कुठल्या दरजेतून केसाएवढा जरी आला,
तर परत चुना भिजत घालू.

आगाऊ? नको.
गुळाचे तेवढे द्या.

आणि आता त्या कुत्र्याला विचारा,
उतरू का म्हणून.