कानडी सात

सुळग्याच्या चढाला ओम्नीचा आवाज खरबरीत झाला
की मी ओळखते, तेल बदलायची वेळ झाली.
मागं चंदगडच्या काजूगराचे आठ डबे,
पुढं गुरुसिद्दाचं गॅरेज :
एक खड्डा, एक चिंच,
आणि माणसं जितकी तितकी मतं.

गुरुसिद्द म्हणतो, आधी इंजिन तापवा.
हिंडलग्यापर्यंत जाऊन या. बिसी इरली.
गरम तेल घाणीला कडेवर घेऊन येतं,
थंड तेल एकटंच येतं.
मग तो खड्ड्यात उतरतो, सतराचा पाना घेऊन,
शेवटचे दोन आटे बोटांनी फिरवतो,
आणि हात मागं घ्यायचा जो एक क्षण असतो
तो पंचवीस वर्षांत एकदाच चुकला त्याचा.
मनगटावरचा डाग लग्नाच्या फोटोतही आहे म्हणतो.

दस्तगीरला खड्डा मान्य नाही.
त्याच्या गुडघ्यांनाही नाही.
तो सीट उचलतो
(ओम्नीचं इंजिन सीटखाली असतं,
मे महिन्यात हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक)
गेजपट्टी काढून त्या भोकात बारीक नळी सोडतो
आणि पंप मारत बसतो.
पोरानं सोडा ओढावा तसं
काळं तेल नळीतून वर चढतं.
"खालचा बोल्ट कशाला छेडायचा बाई?
आटे गेले की चेंबरच बदला मग."

एकदा दोघांची पैज लागली.
दस्तगीरनं सगळं ओढलं,
नळी खरखरली, हवा आली. "झालं."
गुरुसिद्द काही न बोलता खाली गेला,
बोल्ट काढला, चहाचा कप धरला.
अर्धा भरला.
इतकं दाट, की बोटावर घेतलं तर
बोटाच्या रेषा बुजल्या.
दस्तगीर कपाकडं बघत राहिला,
मग म्हणाला, "अर्ध्या कपानं काय होतंय?"
गुरुसिद्द म्हणाला, "साकु," आणि वर आला.
कोण जिंकलं ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.
चहा माझ्याकडून झाला. दुसऱ्या कपांतून.

भरमा टेम्पोवाला या दोघांच्या पलीकडचा.
तो तेल काढतच नाही. घालतो.
कमी झालं की वरून ओततो,
जुनं तेल इंजिनाला ओळखतं म्हणतो.
त्याचा टेम्पो शिनोळीच्या अलीकडं थांबला तो थांबलाच,
आता त्यावर भोपळ्याचा वेल चढलाय.
त्यातला एक भोपळा मी खाल्लाय.
चांगला होता.

परवा सकाळीच पोचले.
काचेवर गुरुसिद्दाच्या हातची चिठ्ठी असते,
पुढचं तेल किती किलोमीटरला, कानडी आकड्यांत.
तो शाळेत तेच शिकला. मी कधी शिकले नाही.
चार ओळखीचा, आपल्या चारासारखाच.
त्यापुढं सहा. म्हणजे सेहेचाळीस हजार.
भरलेच की.

त्यानं गेजपट्टी काढली, पुसली,
परत बुडवली, उजेडात धरली.
"अजून काकवीसारखं हाय की हो, डांबर नाही झालं."
"अरे पण आवाज?"
"आवाज तुमच्या डोक्यात हाय."
मग काचेकडं बघून जो हसायला लागला
तो चिंचेला टेकेपर्यंत.

तेलाच्या बोटानं फरशीवर काढून दाखवला :
हा सहा.
शेजारी : हा सात.
मला दोन्ही एकाच आईचे दिसले.
"परत काढ."
परत काढला.
दस्तगीर पंप पुसत म्हणाला,
"मलापण तिसऱ्या वर्षी कळला, बाई."

सीट खाली टाकली.
हजार किलोमीटर शिल्लक निघाले,
चंदगडच्या बारा-तेरा खेपा,
कुणी उसने दिलेले परत आणून द्यावेत तसे.
हिंडलग्यात दुकानांच्या पाट्या वाचत गेले,
नुसते आकडे.
एका पाटीवर सात सापडला.

सहाही असेल.