वळचण

फोर्ट वर्थच्या उत्तरेला, माळावरच्या नव्या वसाहतीत
मी घरांचा खर्च काढते.
या तिमाहीत वरून निरोप आला :
किंमत उतरवायची नाही,
आधी घेतलेले ओरडतील.
त्यापेक्षा गिऱ्हाइकाच्या व्याजातला वाटा
दोन वर्षं आपण भरू,
आणि छप्पर भिंतीबाहेर बारा इंच येतं,
ते सहावर आणू.

दोनशे चौदा घरं गुणिले सहा इंच.
आकडा छान आला.

एलेउतेरियो सुतार नकाशा उन्हात धरून
बराच वेळ बघतो.
किल्ली हरवलेला माणूस
पावसात उभा कुठे राहणार, विचारतो.
माझ्या तक्त्यात त्याला रकाना नाही.

आढ्याचं पाणी वळचणीला, म्हणतात.
वळचण तर मीच कापली.
आता ते भिंतीवरून उतरेल, सावकाश.
भिंतीची हमी
एक वर्षाची.