बोली

दिवाडीच्या कपेलाचं वायरिंग करायला
मी गेलो ते कापणीच्या दिवसांत.
घंटेपर्यंत लाकडी शिडी, तिसरी पायरी कुजलेली.
इनास खालून ओरडला,
“तिच्यावर पाय देऊ नको, तिनं माझ्या बापाला पाडलाय.”

वर फुसफुस ऐकू आली.
वाटलं, वायर जळतेय कुठेतरी.
मेन पाडला. आवाज तसाच.
वाटलं, गॅस गळतोय. पण घंटेपाशी गॅस कुठला?
टॉर्च फिरवला. मोडक्या पेटाऱ्यामागे
पाच तोंडं, पत्त्यातल्या बदामासारखी,
पिठात घोळवलेली,
एकही दुसऱ्याएवढं नाही:
थोरल्याला पिसं फुटलेली,
शेंडेफळ म्हणजे नुसता कापसाचा बोळा.
गव्हाणी घुबडाची पिल्लं.

टॉर्च विझवला. काम राहिलं बाजूला.
आईबाप खाजनात उंदरांमागे गेलेले,
घरट्यात खायला काही नाही,
आणि तरी ही बोलत होती.
हाक म्हणावी, तर ऐकायला आई नव्हती.
एकमेकांशीच चाललं होतं त्यांचं.

कान सरावले तसे आवाज सुटे झाले.
एकाचा लांबलचक, लोखंडावर कानस ओढावी तसा.
दुसरा मध्येच आखूड काहीतरी बोले,
मग पहिला आणखी लांबवी,
दुसरा गप्प होई.
म्हणजे, बरं बाबा,
तुझं पोट माझ्याहून रिकामं.
हा उंदीर तुझा. पुढच्याचं पुढे.

बाराच्या सुमाराला खिडकीत पांढरं काही येऊन बसलं.
पंख वाजलेसुद्धा नाहीत.
आता ओरबाडाओरबाड होणार,
म्हणून मी भिंतीला चिकटलो.
झाली नाही. ज्याची बोली सगळ्यांत लांब
त्यानंच चोच उघडली.
शेपूट बराच वेळ बाहेर लोंबत राहिलं.

खाली येऊन इनासला सांगितलं.
बिडी विझवत तो म्हणाला,
“आम्ही सात जण होतो.
पेजेच्या बुडकुल्याभोवती बोलायला कुणाला वेळ?
तोंड उघडलं बोलायला, की घास गेला.”

*

आमची इन्व्हेंटरी पणजीच्या कोर्टात
अकरा वर्षं चाललीय.
पाच भावंडं, एक घर, बत्तीस माड,
आणि एक विहीर, तिचं पाणी
मे महिन्यात थोडं खारट लागतं.
वाटे सगळ्यांचे सारखे. घर कुणाचं,
ते आपसातल्या बोलीवर ठरायचं.
उल्हास वास्कोहून येतो,
आकडा मोठ्यानं सांगतो, शर्टाची बाही सारखी करतो.
शालन हातातल्या कागदाची घडी घालते,
उलगडते, परत घालते.
आकडा सांगत नाही.
मी सही करायची तिथं सही करतो
आणि दुपारची फेरीबोट पकडतो.

*

महिन्याभरानं राहिलेले पैसे आणायला गेलो.
तिसरी पायरी चुकवून वर चढलो.
चार.
पुन्हा मोजली. चार.
पेटाऱ्याच्या फटीत थोडा कापूस अडकलेला.
“शेतं कापली, मशीन फिरली,
उंदीर उरले कुठे?” इनास म्हणाला.
“अशा वेळी ती धाकट्याला खातात.
माझ्याकडे काय बघतोस? मी नाही शिकवलं त्यांना.”

फेरीच्या कठड्याला टेकून मी तेच घोळवत राहिलो.
पाचवा शेवटी किती लांब बोलला असेल?
की लांबवायचा दमच उरला नव्हता,
आणि बाकीच्यांना वाटलं,
गप्प आहे, म्हणजे पोट भरलंय?

रायबंदरच्या धक्क्याला उतरून शालनला फोन लावला.
एवढ्यात कधी लावला नव्हता.
“बोल,” ती म्हणाली.
विचारलं, कशी आहेस.
“बरी आहे.”
घरी सगळे?
“बरे.”
राहतेस कुठे सध्या, तिथंच?
“हो.”

पुढे काही नाही.
मागे कुणाच्या तरी घरचा टीव्ही लागलेला.
मीही काही बोललो नाही,
आणि फोन ठेवलाही नाही.