उणे गुणिले उणे

चिलोए बेटावर, केम्चीच्या शाळेत
आठवीचा गणिताचा तास.
खिडकीबाहेर ओहोटी,
होड्या चिखलात कुशीवर कलंडलेल्या.

रेनानची वही कोरी.
म्हटलं, उत्तर नको,
कुठे अडलास तेवढं लिही.
"गणितात निबंध?" मागून कोणीतरी खुदकलं.

पेन्सिल चावत त्यानं लिहिलं:
उणे गुणिले उणे म्हणजे अधिक,
हे मला पटत नाही.
दोन कर्जांची श्रीमंती कशी होईल?
बाबांना विचारलं तर ते

इथे खाडाखोड.
मग तो नुसताच बाहेर बघत बसला.
मी टोकलं नाही. टोकणार होते.

मग तिरक्या, घाईच्या अक्षरात:
पाणी तासाला एक हात उतरतंय. उणे एक.
दोन तासांपूर्वी, म्हणजे उणे दोन,
मी शाळेला निघालो
तेव्हा ते धक्क्याच्या तिसऱ्या पायरीवर होतं.
आतापेक्षा दोन हात वर.
वर

पुढे पूर्णविराम नाही.

एकोणीस वर्षं हा नियम
मी फळ्यावर चौकटीत लिहिला, लाल खडूनं,
आणि डस्टरनं पुसला.

रात्री शेरा द्यायला बसले.
'छान' लिहिलं, खोडलं.
खाली लिहिलं: मलाही आजच कळलं.
शुद्धलेखनाच्या चार चुका
पाण्याखालीच राहू दिल्या.

सकाळी माझ्या शेऱ्याखाली त्याची नवी ओळ:
बाई, पाणी वळतं त्या क्षणी
ते किती वेगानं उतरत असतं?

हे पुस्तकात यायला
अजून चार वर्षं आहेत.
मी वही उघडली.
माझी.