मरमूल, पेटी एकेचाळीस

दगड वाजवून बघायची सवय बापाची.
जात्याची तळी ठोकून सांगायचा,
हा बोलतो, हा मुका.
आमच्या ओढ्यातला काळा फत्तर
पितळी ताटासारखा खणखणायचा.
टाकी लावता लावता बापाच्या भुवया राखी व्हायच्या,
मग हळूहळू कानही गेले.

इथं मी पेट्या उचलतो.
मीटरभर लांब, आत उभा चिरलेला दगड,
आठशे मीटर खालून आलेला.
वरचं टोक डावीकडे.
ते चुकलं की वर्षं उलटी होतात,
आणि रय्या बाई ओरडत नाहीत,
नुसता चष्मा काढून ठेवतात.

मी हाही वाजवला. मुका.
बोटाला तपकिरी चिकट लागलं, वास रॉकेलचा.

एकेचाळीस नंबरच्या पेटीत
राखाडी चिखलात रुतलेले गोटे होते,
कुणाची कुणाशी ओळख नाही:
एक गुलाबी, एक पांढरट,
आणि एक, ज्याचं तोंड घासून सपाट,
त्यावर सरळ ओरखडे, शेजारी शेजारी.
मला वाटलं, टाकीचेच.
कुणी घासला हो हा?
बाई म्हणाल्या, बर्फानं.
बाहेर शेहेचाळीस होतं. शेडचा पत्रा तडतडत होता.

तीस कोटी वर्षांपूर्वी, म्हणाल्या,
आणि पेटीच्या झाकणावर खडूनं दोन मुलुख काढले,
तुमचा आणि आमचा, जवळ जवळ,
वर एकच बर्फ.
पौलोसनं विचारलं, मग व्हिसा?
बाई हसल्या नाहीत. तिघांना चहा ओतला.
मी विचारलं, आमचा काळा फत्तर?
तो अजून जन्मायचा होता.
किती वेळ?
तेवीस कोटी वर्षं, थोडं इकडेतिकडे.

खळगा कसा पडतो हे मला बाजेवरून कळलं.
घरची सुंभाची बाज, बाप बसतो तिथं झोळ.
झोळ पडला की सगळं तिकडंच घरंगळतं,
उशी, चंची, झोपलेला नातू,
आणि घरंगळतं तसा झोळ वाढतो.
जमिनीचंही तेच म्हणे.
गाळ येतो म्हणून खचते,
खचते म्हणून गाळ येतो.
फक्त इथं सुंभाच्या जागी मीठ,
आटलेल्या एका समुद्राचं, पन्नास कोटी वर्षांच्याही मागलं.
वरून दाबलं की कणकेसारखं सरकणारं.

मग कडेनं गोडं पाणी शिरलं,
उरलंसुरलं मीठ विरघळत गेलं,
भोवतालची जमीन बसली
आणि गाळानं भरलेला खळगाच
उंच राहिला.
कुणी उचलला नाही त्याला.
तेल आलं, त्याच्याच माथ्याला जाऊन थांबलं.

खाल्ल्या मिठाला जागावं, असं आम्ही म्हणतो.
इथलं मीठ कुणालाच जागलं नाही, निघून गेलं.
म्हणून विहीर आहे, शेड आहे,
पंचवीस तारखेचा पगार आहे,
लेबर कार्डावर माझा चुकीचा स्पेलिंग आहे.

शुक्रवारी फोन लावला.
आई मध्ये उभी राहून बापाच्या कानात ओरडते,
माझं वाक्य तिच्या तोंडून अर्धंच पोचतं.
सगळं सांगितलं: बर्फ, मीठ, शेजारचा मुलुख,
आणि तुझा फत्तर, बाबा, कालचं पोर आहे.
ते बहुतेक तिनं गाळलं.
बराच वेळ पलीकडे कोंबडीचा आवाज.
मग बाप म्हणाला,
बोलतो का?
नाही. मुका आहे. पण आतून ओला आहे.
मुका जात्याला नको, म्हणाला,
पायात घालावा. तो वजन धरतो.

शनिवारी झाकणावरचा खडू पुसून
मी नंबर टाकला.
एका मुलुखाची कड राहिली, कुठल्या ते कळलं नाही.
वरचं टोक डावीकडे.