चौकट

बेतुलच्या कपेलात, वेदीमागच्या खोलीत
सोळाशे बासष्टचं वादळ टांगलेलं होतं.
चौकट वाळवीनं खाल्ली; समुद्र तेवढा उरला.

मी कापसाचा बोळा थुंकीनं भिजवून
वार्निशचा पिवळेपणा काढत होते,
दिवसाला वीतभर लाट.
काल एक शीड सापडलं. आज पिंपं, तरंगणारी.

कायतान मेस्त होड्या बांधतो.
मापं घ्यायला आला आणि बघत राहिला.
म्हणाला, हा चितारी दर्यात गेलेला नाही.
शीड इकडे फुगलंय, निशाण तिकडे फडकतंय.
आणि एवढ्या वाऱ्यात डोलकाठी कोण ठेवतो?
आधी तोडायची.

मग त्याला फळीला धरलेला माणूस दिसला,
तांदळाएवढा.
बराच वेळ गेला.
याचं तोंड पुसणार का तुम्ही?

पुसलं.
तोंड नव्हतंच. ब्रशचा एक ठिपका, मातकट.

पंधरा दिवसांनी फणसाची चौकट आली,
सांधे असे की थेंब शिरणार नाही.
तरी खालच्या पट्टीत एक भोक,
त्यात लाकडी बूच.

हे कशाला?

सवय, तो म्हणाला.
भरलं तर.