कड

सव्वीस जानेवारीच्या आधी आठ दिवस
कॅम्पातल्या माझ्या दुकानात आधी छात्या येतात,
माणसं मागून.

सुभेदार नेसरीकरांच्या पट्टीला नऊ पदकं.
ती लावली की कोट एका बाजूला झुकतो
आणि उचगावच्या बाजारात लोक
दुसऱ्या बाजूला.

लुमाण्णाचं एकच. स्वातंत्र्याच्या पन्नाशीचं.
त्या दिवशी जो जो नोकरीत, त्याला मिळालेलं:
कर्नलला, सुभेदाराला, भटारखान्यातल्या पोऱ्याला,
आणि पलटणीचा न्हावी लुमाण्णा, त्याला.

"हे शेवटाला लाव," नेसरीकर म्हणतात,
"कुणालाबी दिलंय ते."
नियमही तसाच आहे. मी लावतो.

पुढून दोन्ही सारखीच. रिबीन एकाच थानातली.
फरक कडेवर. नंबर, हुद्दा, नाव,
मुंगीएवढ्या अक्षरांत, कापडाशी लपलेला.
वाचायला मला भिंग लागतं.
गावाला लागत नाही.

यंदा लुमाण्णाचा मुलगा आला.
बाप श्रावणात गेला म्हणाला,
आणि रुमालाची गाठ सोडत बसला बराच वेळ.
"कडेवरचा हुद्दा तेवढा घासून दे की.
नाव ऱ्हाऊ दे.
पोरीला बघायला पाव्हणं येणार हाईत,
फोटोजवळ ठेवायचंय."

मी कानस काढली. भिंग डोळ्याला लावलं.
हुद्दा आणि नाव यांच्यामध्ये
केसाएवढी जागा.

एवढ्या जागेतून, रक्त न काढता,
एकाच माणसाचा हात फिरला असता.